इस्त्री करणारा डेटाबेस

मेलबर्न बंद झालं तेव्हा गोरी माणसं पाव भाजायला शिकली. आमच्या टार्निट उपनगरात मराठी माणसं पाणीपुरीच्या पुऱ्या घरी तळायला शिकली, आणि त्या फुगल्या नाहीत की त्यांनाच शेवपुरी म्हणायला शिकली. मी काही शिकलो नाही. वय सत्तरीच्या पुढे, जन्म पुण्यातला. शिकण्यासारखं आपल्याला काही उरलं आहे हेच मुळात मान्य नव्हतं.

आमच्या मराठी मंडळाला मात्र स्वस्थ बसवेना. पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी, म्हणून मंडळ झूमवर गेलं. गणपती झूमवर बसले, आरती झूमवर झाली. प्रत्येकाच्या टाळ्या वेगवेगळ्या वेळी पोचत असल्यामुळे ती आरती कुठल्या देवाची हे देवालाही कळलं नसेल. मग कार्यकारिणीला ‘आमच्या आधी आलेले’ अशी रविवारची मालिका सुचली. जे म्हातारे अजून शिल्लक आहेत त्यांना स्क्रीनसमोर बसवायचं आणि जुन्या ऑस्ट्रेलियाबद्दल बोलतं करायचं. पहिल्याने इथे कढीपत्ता मिळत नसे यावर एक तास काढला. दुसऱ्याने कढीपत्ता मिळत असे, पहिल्याला दुकान माहीत नव्हतं, यावर दुसरा तास काढला. तिसरा नंबर माझा होता.

अध्यक्षांचा फोन आला. “काका, तुम्ही तो इस्त्रीचा किस्सा घ्यायचाच. नवीन मंडळींनी ऐकलेला नाही.”

किस्सा असा. नव्वदच्या दशकात, इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किंचाळत घरात येत होतं तेव्हा, मी सनशाइनमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होतो. टायरच्या दुकानाच्या वर ऑफिस. आमच्याकडे आमचा स्वतःचा डेटाबेस होता, फार थोड्यांना ठाऊक असलेल्या एका जातीचा. त्याच्या जिवावर आम्ही अशी वेबसाइट चालवून दाखवली की सगळं जग आमच्या दारात रांग लावणार होतं. एवढ्यात कंपनीने विक्रीसाठी माझ्या मेहुण्याला ठेवलं. एका बड्या गिऱ्हाइकाने विचारलं, तुमचा डेटाबेस काय काय करतो? मेहुणा म्हणाला, “साहेब, तुम्ही फक्त सांगा. इस्त्रीसुद्धा करतो.” गिऱ्हाईक उठून गेलं, कंपनी बुडाली, आणि आज जगाला आमच्याऐवजी दुसऱ्यांचीच नावं पाठ आहेत.

हा किस्सा मी वेरिबीच्या बार्बेक्यूंना सांगितला आहे, बारशांना सांगितला आहे, एका शोकसभेनंतरच्या चहालाही सांगितला आहे. “इस्त्रीसुद्धा” म्हणताना मी मेहुण्याचा मुंबईचा हेल काढतो आणि डाव्या हाताच्या बाहीवरून उजवा हात इस्त्रीसारखा फिरवतो. लोक पोट धरून हसतात. मेहुणा समोर असला तर तोही हसायचा. पुढे पुढे लोक त्याला नमस्काराऐवजी “काय, शर्ट आणू का?” असं विचारायला लागले. मग तो बायकोमुलांसह ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेला. तिकडची हवा चांगली आहे म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. हवेला काही विचारता येत नाही, ही तिची मोठी सोय आहे.

या किश्श्यातलं टायरचं दुकान खरं आहे. बाकीचं आता नीट लिहून टाकतो.

लिहायची वेळ मंडळामुळे आली नाही, मेहुण्याच्या नोकरीमुळे आली. तो तिकडे एका पर्यटन कंपनीत युरोपच्या सहली विकत असे. जगातली सगळी विमानं जमिनीवर बसल्यावर युरोप दाखवणारा माणूस काय करणार? नोकरी गेली. वय साठीला टेकलेलं, घराचं कर्ज अजून उभं. या वयाच्या माणसाला कोणी कामावर घेत नाही, आणि ते नकार मात्र फार प्रेमाने लिहिलेले असतात.

आमच्या मंडळाची सेक्रेटरी ट्रुगानिनाला राहते. चाळिशीच्या आतली, हुशार, स्वतःची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी चालवते. वृद्धाश्रमांमध्ये कुठल्या नर्सने कुठल्या शिफ्टला यायचं ते लावून देणारं सॉफ्टवेअर. तिला विक्रीसाठी माणूस हवा होता, आणि सगळंच काम घरून चाललेलं असल्यामुळे तो ब्रिस्बेनचा असला तरी चालणार होता. मेहुण्याने अर्ज केला. मुलाखतही झाली. रेफरन्स म्हणून, एकत्र काम केलेला जुना सहकारी म्हणून, त्याने नाव दिलं माझं.

“काका, दोनच मिनिटं. बिझी नाही ना?”

सगळं शहर घरात कोंडलेलं असताना हा प्रश्न विचारायला शिष्टाचार लागतो.

“बोल ग.”

“तुमच्या मेहुण्यांबद्दल. मला आवडले ते. फक्त काका, तो इस्त्रीवाला किस्सा आहे ना तुमचा, तो ह्यांचाच ना?”

समोर बायको मेथी निवडत होती. तिने काडी तोडता तोडता हात थांबवला.

“जुनं आहे ग ते,” मी म्हणालो.

“नाही, मला एवढंच विचारायचंय, ओव्हरप्रॉमिस करतात का ते? माझे क्लायंट एज्ड केअरवाले. तिथे एक शिफ्ट चुकली तर कुणा आजोबांची गोळी चुकते. तिथे इस्त्री चालत नाही.”

“आता खूप बदललाय तो.”

“म्हणजे पूर्वी तसे होते?”

“मुलगा चांगला आहे.”

“साठ वर्षांचे आहेत ते, काका.”

“हो, म्हणजे... चांगला आहे.”

“ओके. नो वरीज. अजून एकाशी बोलायचंय, मग आठवड्याभरात ठरवते.”

ऑस्ट्रेलियात कोणी ‘नो वरीज’ म्हटलं की काळजी करायला सुरुवात करायची असते.

“का थांबलात?” बायको म्हणाली. “बाहीवरून हात पण फिरवून दाखवायचा ना तिला.”

“मी त्याची स्तुतीच केली.”

“ऐकली मी.”

तेव्हा काय झालं होतं ते सांगायचं तर आधी तो डेटाबेस सांगायला हवा. घाबरू नका, लवकर आवरतो. मी एके काळी हे आवरलं नव्हतं, त्याचीच तर ही गोष्ट आहे.

आमचा डेटाबेस म्हणजे मसाल्याचा डबा. बाकीच्या जगात प्रत्येक मसाल्याला वेगळी बरणी, प्रत्येक बरणीला नंबर, आणि फोडणी टाकायची तर सगळ्या फडताळांतून बरण्या गोळा करत हिंडायचं. आमच्याकडे एका डब्यात वाट्या, आणि हवं तर वाटीत आणखी छोटी वाटी. समजा गाडीच्या ब्रेकचा एक भाग आहे. तो ज्या ज्या गाड्यांना बसतो त्या सगळ्यांची नावं त्याच्याच नोंदीत, तिथल्या तिथे. झाकण उघडलं की सगळं समोर. ही उपमा माझी नाही, मेहुण्याची आहे. मी तेव्हा तिला उथळ म्हटलं होतं.

आणि त्या काळी वेबसाइट करणं म्हणजे हातशिलाई होती. एकेक पान हाताने लिहायचं. भाव बदलला की ते पान शोधा, आकडा खोडा, नवा घाला, पुन्हा चढवा. मजकूर बोटभर उजवीकडे सरकवायचा तर त्याच्या अलीकडे डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याचं चित्र ठेवायचं आणि ते ताणायचं. पान नीट मांडायचं तर तक्त्यात तक्ता, त्या तक्त्यात आणखी तक्ता. तळाशी आजवर किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा असे. तो आम्हीच दिवसभर पान पुन्हा पुन्हा उघडून वाढवत असू. काम अपुरं असलं की फावडं मारणाऱ्या माणसाचं चित्र लावायचं. तो माणूस वर्षानुवर्षं खणत राही.

मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. कोणी पान मागितलं की तो डेटाबेसमधून नोंद उचलायचा, तिच्याभोवती पान तिथल्या तिथे विणायचा आणि पाठवून द्यायचा. डेटाबेसमध्ये भाव बदलला की पानावर आपोआप बदललेला. आज हे शाळेतली पोरं करतात. तेव्हा आमच्या मालकाने, म्हणजे आयुष्य गोदामात काढलेल्या एका भल्या ऑस्ट्रेलियन माणसाने, ते पाहून खुर्ची मागे सरकवली आणि “ब्लडी हेल” म्हणाला. या देशात ते मानपत्र समजतात.

मेहुणा तेव्हा नुकताच आला होता, बहिणीने स्पॉन्सर केलेला. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायचा. मुंबईत त्याने दारोदार पाण्याचे फिल्टर विकले होते. माझ्या शब्दावर मालकाने त्याला विक्रीसाठी घेतलं. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, “भाऊजी, आधी ह्याचं नाव बदला.”

नाव म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं, एक आडवी रेघ आणि आवृत्तीचा क्रमांक. त्यात काय वाईट होतं ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

“काय ठेवू?”

“टिफिन. एका डब्यात सगळं.”

“आपण डेटाबेस विकतो. खानावळ नाही काढलेली.”

पुढे साऱ्या आयटीने आपल्या वस्तूंना फळांची, प्राण्यांची, खाण्याच्या पदार्थांची नावं दिली, आणि त्या विकल्या. त्यातली प्रत्येक बातमी मी वाचली आहे, बहुतेक सकाळच्या चहाबरोबर.

त्याने एका पानाचं माहितीपत्रक केलं होतं. वर मोठ्या अक्षरात एकच वाक्य: भाव एकदा बदला, सगळीकडे बदलेल. मी ते मागे घ्यायला लावलं आणि त्याच्या जागी एक पुस्तिका लिहिली. तिची सुरुवात व्याख्यांपासून होती. चांगली वस्तू आपली आपण कळते असं माझं मत होतं, आणि ज्याला ती कळत नाही त्याने ती घेऊ नये, ही त्या मताची पुढची पायरी होती. या धोरणाला अभूतपूर्व यश आलं. कोणीच घेतली नाही.

तरीही मेहुण्याने एक गिऱ्हाईक आणलं. गाड्यांचे सुटे भाग विकणारं कुटुंब, जिलाँगपासून डँडेनाँगपर्यंत दुकानं. एक भाग शंभर गाड्यांना बसणार आणि एका गाडीला शंभर भाग लागणार. आमचा डबा जणू त्यांच्यासाठीच घडवलेला. हे एक काम मिळालं असतं तर कंपनी उभी राहिली असती. गाडीत मेहुणा मला सांगत होता, “भाऊजी, नवरा नुसता हसतो. हिशेब बाई बघतात, आणि निर्णय त्यांचा. त्यांनी काही विचारलं तर मी बोलीन. तुम्ही फक्त पान दाखवा.” मी मान डोलावली. माझं लक्ष नव्हतं. तो मार्केटिंगबद्दल बोलत होता.

पान झकास चाललं. मी एका जुन्या यूटचं, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचं, मॉडेल टाइप केलं, तिला लागणारे सगळे भाग भावांसकट समोर आले. मेहुण्याने त्यांच्यादेखत एक भाव बदलला, पान पुन्हा उघडलं, भाव बदललेला. “दॅट्स क्लेव्हर, मेट,” नवरा म्हणाला आणि त्याने बायकोला जवळ बोलावलं. बाईंनी चष्मा चढवला. त्यांनी अगदी साधं विचारलं: आपण एका कोर्सला गेलो होतो, तिथे शिकवलं की चांगल्या डेटाबेसमध्ये सगळं सरळ ओळी आणि रकान्यांमध्ये ठेवलेलं असतं. तुमचंही तसंच ना?

मेहुणा म्हणाला, “तुम्हाला जसं बघायची सवय आहे तसंच दिसेल...”

“नाही,” मी म्हणालो. “तसं नाही. आणि ज्याने तुम्हाला हे शिकवलं त्याला विषय कळलेला नाही.”

मग मी उठलो आणि फळ्याकडे गेलो.

किती वेळ बोललो ते आठवत नाही. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. कॉफीवर साय धरली. मी त्या बाईंच्या गैरसमजाची मुळं शोधत बरंच मागे गेलो होतो. नवरा अजून हसत होता, पण आता घड्याळाकडे बघून. बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली. “व्हेरी इंटरेस्टिंग. आम्ही कळवतो.” परतताना मी मेहुण्याला म्हणालो, “पटलं त्यांना.” तो खिडकीबाहेर बघत होता.

कळवलं नाही हे सांगायला नकोच. मालकाने आम्हा दोघांना खोलीत बोलावलं आणि विचारलं, बिघडलं कुठे? मी म्हणालो, “सेल्सने गिऱ्हाइकाची तयारी करून घेतली नव्हती.” एवढंच म्हणालो. इंग्रजीत म्हणालो. मग मेहुण्याकडे पाहिलं.

तो एका वाक्यात मला उघडं पाडू शकला असता. पण आपल्याकडे बायकोचा भाऊ बहिणीच्या नवऱ्याला परक्यासमोर खोटं पाडत नाही, त्यातून त्याच्याच घरातल्या मागच्या खोलीत झोपत असला तर मुळीच नाही. तो जमिनीकडे बघत उभा राहिला. मालकाला आपल्या नात्यागोत्यांचं काय माहीत? त्याच्या देशात ज्याची चूक नसते तो बोलतो. गप्प बसला म्हणजे कबूल केलं, असा त्याने सरळ अर्थ घेतला. मेहुण्याला काढलं. कंपनी पुढे थोडे दिवस रखडली आणि मिटली. डेटाबेस दुसऱ्या कोणी तरी भंगारच्या भावात नेला. पहिल्या बार्बेक्यूला कोणी तरी विचारलं, मेहुण्याने नोकरी का सोडली? काही तरी सांगायला हवं होतं. समोरच्याचा शर्ट चुरगळलेला होता. तिथे मला इस्त्री सुचली.

हे सगळं मी त्या दिवशी, सेक्रेटरीच्या फोननंतर, बायकोला सांगायला लागलो. तिने अर्ध्यात थांबवलं.

“त्या दिवशी तो जेवला नव्हता. तुम्ही दोनदा आमटी घेतलीत.”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“आमटी मीच वाढली होती.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“वाट बघत होते. मला वाटलं, एखाद्या वर्षी तुम्हालाच कंटाळा येईल.” तिने मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. “आता त्यापायी माझ्या भावाची नोकरी हुकणार असेल तर किस्सा पुरे झाला.”

शहाण्या माणसाने तिथल्या तिथे सेक्रेटरीला फोन केला असता. मी विचार केला: खोटं चारचौघांत सांगितलं, तर खरंही चारचौघांतच सांगितलं पाहिजे. विचार उदात्त होता. त्यात पुन्हा एकदा सगळ्यांना गप्प बसवून मला बोलायला मिळणार होतं, हा निव्वळ योगायोग.

रविवारी झूमवर चौकोनच चौकोन. कुणाच्या छताचा पंखा, कुणाचं कपाळ, एका चौकोनात नुसता मिक्सर चाललेला. मी वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, भाऊजी आणि मेहुणा या नात्यामुळे तो गप्प बसला हेही न लपवता. संपलं. पडद्यावर दोन हसरे चेहरे तरंगत वर गेले. त्यांना ही नवी विनोदी आवृत्ती वाटली असावी.

“काका,” अध्यक्ष म्हणाले, “पण यात इस्त्री कुठे आली?”

“आलीच नाही. ती मी घातली.”

“अच्छा.” ते जरा विचारात पडले. “नाही, पण ती असली की मजा यायची.”

“पहिलाच व्हर्जन बेस्ट होता,” कोणी तरी म्यूट करायला विसरून म्हणालं. आणि एका लहान मुलाचा आवाज, “मम, इज ही डन?”

सेक्रेटरीचा चौकोन काळा होता. ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मेहुण्याचा फोन पाचच मिनिटांत आला; ब्रिस्बेनमध्ये बसून त्यानेही झूमवर सगळं ऐकलं होतं. मी थोडासा भारावून उचलला. त्याच्या आवाजात कृतज्ञता असेल अशी माझी कल्पना होती.

“भाऊजी, मला एक फोन तरी करायचात!”

“अरे, तुझं नाव स्वच्छ केलं मी.”

“कुणी सांगितलं होतं? तिने मुलाखतीत विचारलं, तुमचं एखादं अपयश सांगा. इथे सगळे विचारतात. मी काय सांगणार, कोविड आला? मी आपला तुमचा किस्सा सांगितला. म्हटलं, तरुणपणी क्लायंटसमोर नको ते बोलून गेलो, डील गेली, तेव्हापासून आधी ऐकतो आणि मग बोलतो. तिला एकदम आवडलं ते. खरंच बदललाय का माणूस, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं तिला.”

मी म्हणालो होतो, “खूप बदललाय.” ज्या उत्तराची मला आठवडाभर लाज वाटत होती तेच नेमकं त्याला हवं होतं. मी चुकून बरोबर बोललो होतो, आणि मग सगळ्या मंडळाला बोलावून ते दुरुस्त केलं होतं.

“आता काय झालं? मी तिथे तोंडच उघडलं नाही असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे मुलाखतीत मी खोटं बोललो. एवढी वर्षं गप्प बसलात भाऊजी, आणखी एक आठवडा जड झाला असता का?”

“चुकलंच,” मी म्हणालो.

“कुठलं? तेव्हाचं की आजचं?”

“दोन्ही.”

“ताईला द्या फोन.”

पुढचं मला बायकोकडून कळलं, कारण काही दिवस मेहुणा माझ्याशी बोलत नव्हता आणि बायको मोजकंच बोलत होती. सेक्रेटरीने त्याला पुन्हा फोन केला. ती रागावली नव्हती, पण सरळ होती. म्हणाली, “मग तुमचं खरं अपयश कुठलं?” त्याने सांगितलं, “त्या दिवशी मालकासमोर गप्प बसलो, ते.” ती म्हणाली, “एक डेमो तुम्ही द्या. तो झाला की ठरवू.”

डेमोच्या आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला. जणू मध्ये काही झालंच नाही अशा आवाजात.

“भाऊजी, गंमत आहे. ह्या उद्याच्या वृद्धाश्रमवाल्यांची जुनी सिस्टिम कशावर चालतेय माहितीये? आपल्याच घराण्यातल्या डेटाबेसवर. वाटीत वाटी.”

असे डेटाबेस अजून जिवंत आहेत. आडबाजूच्या ऑफिसांत, कोणाला आठवण नसताना, न कुरकुरता चालतात. मला गहिवरून आलं असतं, पण तो घाईत होता.

“जुना डेटा नव्यात आणण्याबद्दल विचारलं तर तुम्ही लागाल. उद्या दुपारी बसा डेमोला. म्यूटवर.”

“म्यूटवर कशाला?”

“फळा आठवा, भाऊजी.”

“बसतो,” मी म्हणालो.

वृद्धाश्रमाची मॅनेजर एका कानाला मास्क लटकवून बसली होती. तिच्या मागून नखशिखांत निळ्या प्लास्टिकमधलं कोणी तरी ट्रॉली ढकलत गेलं. तिच्याबरोबर त्यांचा आयटीवाला होता, दाढीवाला, आत्मविश्वासाने भरलेला. मला तो आरशात पाहिल्यासारखा वाटला. मेहुण्याने सुरुवात करायच्या आधीच तो म्हणाला, आमची सध्याची सिस्टिम म्हणजे डायनोसॉर. तो खरा डेटाबेसच नाही. ना ओळी, ना रकाने, सगळं एकाच खोक्यात कोंबलेलं.

माझा हात माउसवर गेला. वाक्य तयार होतं. ते सनशाइनमधल्या त्या फळ्यापासून तयार होतं, आणि आता त्याला पुढे जोडायला आणखी पुष्कळ पुरावे होते.

मेहुणा स्क्रीनवर शांत बसला होता. त्याने आयटीवाल्याला मान डोलावून दाद दिली आणि मॅनेजरला विचारलं, “आज सकाळी किती जण आले नाहीत?” ती सांगायला लागली. नवीन नियमाने एका नर्सने एकाच आश्रमात काम करायचं, त्यामुळे पहाटेपासून फोन करत बसावं लागतं. कालची एक शिफ्ट तिने स्वतः केली. एका आजींची मुलगी खिडकीबाहेर उभी राहून हात हलवते आणि ती आल्याचं आजींना सांगायलाही आत कोणी नसतं. बराच वेळ ती बोलत होती. मेहुणा एकदाही मध्ये बोलला नाही. विकणारा माणूस गप्प बसलाय आणि गिऱ्हाईक बोलतंय, असा डेमो मी त्याआधी पाहिलेला नव्हता. मग त्याने एकच स्क्रीन दाखवली: कोण मोकळं आहे, कोणाला विचारून झालंय, कोण येतंय. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकली.

“आणि आमचा जुना डेटा?” आयटीवाला म्हणाला. “निम्मा हरवणार.”

“हे आतून जाणणारा माणूस आहे आपल्याकडे,” मेहुणा म्हणाला. “माझे ब्रदर-इन-लॉ. विचारा त्यांना.”

मी माइक सुरू केला.

“काही हरवेल का?” मॅनेजरने विचारलं.

माझ्याकडे इतिहास होता, सिद्धांत होता, दाढीवाल्याच्या गैरसमजांची यादी होती.

“नाही,” मी म्हणालो.

सगळे आणखी काही येईल म्हणून थांबले. ब्रिस्बेनमधली एक भुवई किंचित वर गेली.

“काहीच नाही,” मी म्हणालो, आणि माइक बंद केला.

त्यांनी ते सॉफ्टवेअर घेतलं. सेक्रेटरीने मेहुण्याला कायम केलं, पण यापुढे रेफरन्स घरातले नकोत असं हसत बजावलं. राज्यांच्या सीमा उघडल्यावर आम्ही स्प्रिंगफील्ड लेक्सला गेलो तेव्हा त्याच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. मेहुणा त्यांना त्या डेमोचा किस्सा सांगत होता. भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात बोलले, असा तो किस्सा आहे. त्यात तो सांगतो की प्रश्न ऐकल्याबरोबर मी सवयीने मार्कर उचलला आणि घरातल्या भिंतीकडे निघालो, बायकोने मला हाताला धरून परत बसवलं. हे सांगताना तो माझ्यासारखा चष्मा नाकावर ओढतो आणि हवेत टोपण काढतो. लोक पोट धरून हसतात. हल्ली तिकडची मंडळी मला भेटल्यावर “काका, मार्कर आणू का?” असं विचारतात.

मार्कर नव्हता. बायको त्या वेळी दुकानात गेली होती. मी सगळ्यांबरोबर हसतो.